चौथा फ्लॅश

जाओझांद्री बोट दाखवत नाही.
पेरापाशी दुमडून धरतो ते हवेत, आकड्यासारखं.
सरळ बोट रोखणं त्याच्या गावात निषिद्ध,
झाडावर, थडग्यावर, कुणावरच.
त्या दुमडीच्या रोखानं मी दहा मिनिटं पाहतोय:
साल. शेवाळ. साल.
मोज्यात एक जळू निवांत फुगतेय.

"नाकासमोर तुझ्या," तो मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणतो
आणि माझी बॅटरी विझवतो.
मासोआलाचा अंधार ओल्या घोंगडीसारखा अंगावर पडतो,
त्यात कुठूनतरी लवंगेचा वास.
मग त्याची बॅटरी, तिरपी, खालून —
सालीला कडा फुटते,
कडेला झालर,
झालरीला बोटं.
कुरतडलेलं पान वाटलं ती शेपूट निघाली.

पाल.
आमच्याकडे भिंतीवर ही चुकचुकली
की बोलणारा वाक्य अर्धं टाकतो.
इथली गप्प. उलटी. जणू झाडानंच गिळलेला शब्द.

मी लेन्स चार बोटांवर नेतो.
डोळा: तांबड्या नद्यांचा नकाशा,
मधोमध उभी चीर,
चिरेत टाचणीनं पाडावीत तशी भोकं.
पहिला फ्लॅश एका पतंगानं खाल्ला.
दुसरा बरा. तिसरा
मला हवा होता तसा, जवळजवळ.

तेव्हा तिनं जीभ काढली, गुलाबी, लांब,
आणि डोळाच पुसला.
"पापणी नाही तिला," जाओझांद्री म्हणाला,
शेजाऱ्याला ऐकू कमी येतं, असं सांगावं तितक्या सहज.

मी तासभर डावा डोळा मिटून उभा होतो.
एक मिटल्याशिवाय मला नेम धरता येत नाही.

पहाटे हा व्हॅनिलाच्या वेलींत जाईल.
फूल एकच सकाळ उघडतं;
लिंबाच्या काट्यानं आतला पडदा उचलून
अंगठ्यानं हलकंच दाबायचं, की झालं.
दुपारच्या आत हजार फुलं.
इतक्या आत जाऊन आलेला माणूस
कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावत नाही,
मी पुढे केला तरी.

चौथा फ्लॅश भरून येतो, बारीक शिटी घालत.
लाल ठिपका. बटणावर बोट.
आणि मनात, कधी नव्हे ती, पाल चुकचुकते.
बोटाकडे बघतो:
तेही दुमडलेलंच आहे, पेरापाशी.

दुसरा डोळा उघडतो मी.
साल. शेवाळ.
साल.