सुमारे दोनशे

गुरुवारी शाळा सुटल्यावर उजळणी.
ग्रिम्सबीच्या गोदीवरचा मासळीचा वास
खिडक्या लावल्या तरी आत येतो,
हजेरीत नाव नसलेल्या पोरासारखा
मागच्या बाकावर बसून राहतो.

आठवडाभर मी वर्तमानपत्रं कापते.
नवरा म्हणायचा, या घरात
एकही बातमी पुरती वाचायला मिळत नाही,
पानापानाला तुझ्या खिडक्या.
आता वाचणारी मीच, कापणारीही मीच.

पुस्तकातली मागणी फार शहाणी असते,
आखून दिलेल्या रेषेवरून निमूट उतरते.
म्हणून फळ्यावर बातमी चिकटवली :
कॉड महागला, बोटी अर्ध्या रिकाम्या परतल्या.
"कुठली रेषा सरकली?"
"पुरवठ्याची," टॅमसिन म्हणाली, "डावीकडे."
तिच्या आजीचं मासे-बटाट्यांचं दुकान आहे.
तिथं भाव वाढला नाही म्हणे,
मासा तेवढा आखूड झाला.
मी फळ्यावर लिहिलं : किमतीची ताठरता.
"आजी त्याला लाज म्हणते," टॅमसिन म्हणाली.

मग व्याजदर. मग पौंड.
ऑगस्टेची आई दरमहा लिथुएनियाला पैसे धाडते,
विनिमय दर तिला माझ्याआधी कळतो.

शेवटचं कात्रण बोटभर,
आतल्या पानाच्या तळाशी,
बागेतल्या लाकडी खोपट्यांच्या जाहिरातीला खेटून :
मासळी गोठवण्याचा कारखाना बंद,
सुमारे दोनशे नोकऱ्या जाणार.
"बेरोजगारीचा प्रकार ओळखा.
व्याख्येला दोन गुण, मूल्यमापनाला आठ.
आणि 'इतर परिस्थिती कायम असताना'
हे लिहायला विसरू नका."

पेनं चालू लागली.
एक हात वर आला, कोपरातून वाकलेला.
"मिस, दोनशे बारा."
"काय दोनशे बारा?"
"नोकऱ्या. फाटकावर यादी लागलीय.
आडनावांच्या क्रमानं. आम्ही विन्ट्रिंगम,
बाबा दोनशे नववे."
कॉर्बिननं पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"सुमारे म्हटलं की आम्ही त्यात येत नाही."

छपरावर एक सीगल ओरडत होता,
त्याला कुणी गप्प करू शकत नव्हतं.
बावीस वर्षं मी सांगत आलेय,
आकडे पूर्ण करून घ्या,
आलेख स्वच्छ दिसतो.

मी कात्रण काढायला गेले.
"राहू दे ना, मिस. परीक्षेत आलं तर?"

रात्री पेपर तपासले.
त्याची व्याख्या बरोबर होती, दोन गुण.
'संरचनात्मक बेरोजगारी : जवळचं कौशल्य आणि
उपलब्ध काम यांचा मेळ न बसणं.
उदा. मिनिटाला चौदा हॅडॉक सोलणारा माणूस.'
खाली मूल्यमापन. बाजू पहिली :
पुनर्प्रशिक्षण, स्थलांतर, दीर्घकाळात समतोल.
मग नव्या ओळीवर 'तथापि',
मीच शिकवलेला, मीच अधोरेखित करायला लावलेला,
आणि त्याच्यापुढे
पानाच्या तळापर्यंत
काही नाही.

गुणदानाच्या तक्त्यात
कोऱ्या जागेला रकाना नाही.
लाल पेन धरून बसले.
चहा गार झाला, दुसरा केला, तोही.
शेवटी समासात लिहिलं : पुढे?
आणि लगेच खोडलं, कारण
तो प्रश्न मी विचारायचा नव्हता.

पुढच्या गुरुवारी कात्रण जागेवरच होतं.
'सुमारे दोनशे'वर एक सरळ रेघ,
पट्टी लावून मारलेली,
आणि वर बारीक अक्षरात, २१२.
दोनच्या शेपटीला असा गाठीसारखा वेढा
ऑगस्टेच काढते.
मी काही बोलले नाही.
शेजारी नवी बातमी लावली :
साखरेवरचा कर.
कॉर्बिन उशिरा आला, ओला,
पहिल्या बाकावर बसला आणि म्हणाला,
"हा अप्रत्यक्ष कर. ओझं कुणावर पडतं
ते आधी विचारा."