शनिवारी बंद

तपासणीचे साहेब मुद्दाम रविवारी आले,
आपली सुट्टी मोडल्याचा राग चहात ढवळत म्हणाले,
शनिवारी बंद, रविवारी चालू.
कोणत्या नियमाने?

मी हजेरीपटांचं कपाट उघडलं.
वाळवीने बरंचसं आधीच वाचून टाकलेलं,
उरलं तेवढं मी वाचलं:

सन अठराशे नव्वद आणि काही
(शेवटचा आकडा वाळवीच्या पोटात).
सुभेदार हसाजी झिराडकर, पलटणीतून पेन्शनीत आलेले,
यांनी भावकीच्या घाण्याचा अर्धा मांडव शाळेला दिला.
अर्ध्यात बैल फिरायचा, अर्ध्यात पाढे.
एकोणतिसाच्या पाढ्याला बैल थांबायचा म्हणे.
मग पोरंही थांबायची.
भिंतींत तेल असं मुरलंय
की रंगारी तीन झाले,
चौथा नुसता हात लावून परत गेला.

गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं,
म्हणून ही शनवारची शाळा,
जी नेमकी शनवारीच उघडत नाही.

पहिल्या पानावर सतरा नावं.
एलोजी, रिबका, सिपोरा, दोन शालोम, थोरला नि धाकटा.
अठरावा फकीर मुकादम, खाडीपलीकडचा,
फी: महिना दोन नारळ, सोललेले.
त्याच्या मागून आम्ही आलो,
कोळवाड्यातले, भंडारआळीतले,
माझ्या वर्गात तर आम्हीच जास्त होतो
आणि श्मा आम्हालाच चढ्या आवाजात पाठ होता,
अर्थ न विचारता, जशी बाराखडी.

योखेबेदबाई शुक्रवारी शेवटच्या तासाला
फळ्याकडे कमी, खिडकीकडे जास्त बघायच्या.
ऊन सुरूच्या बुंध्यांवर उतरलं
की भूगोल अर्ध्या नदीत सोडून द्यायच्या.
"दप्तरं भरा. एस्टी थांबते कुणासाठी,
शब्बाथ थांबत नाही."

मलिद्याच्या दिवशी सगळ्यांना पंगतीत बसवायच्या,
एलियाहू हन्नाबीच्या नावाचं ताट,
पोहे, खोबरं, गूळ, वर गुलाबाच्या पाकळ्या.
घरी येऊन सांगितलं तेव्हा
आईने एवढंच विचारलं,
वेलची होती का?

साहेबांनी पान उलटलं.
शाळा सोडल्याचे कारण: इस्राएलास गेला.
इस्राएलास गेली.
इस्राएलास गेले, भावंडे तीन.
पुढे बाईंचा हात दमलेला दिसतो,
नुसती दोन टिंबं, एकाखाली एक,
पानाच्या तळापर्यंत,
म्हणजे वरीलप्रमाणे.

शेवटचं नाव त्यांच्या नातीचं.
झिराडकर ओफिरा, इयत्ता चौथी.
कारण: वरीलप्रमाणे.
वर काही नव्हतं.
पान नवीन होतं.

त्या पानाचं पुढे काही लिहिलेलं नाही.
बाई इथेच राहिल्या, इथेच गेल्या,
वाडीमागच्या कबरस्तानात, उंडीच्या झाडाखाली.
दगडावरची हिब्रू अक्षरं
मला लावता येतात, वाचता येत नाहीत.

"आता त्यांची मुलं किती?" साहेबांनी विचारलं.
एकही नाही.
"मग?"
मग काय सांगायचं.
सांगितलं, नाखव्यांची पोरं शनिवारी जाळी विणायला बसतात,
बाजारही शनिवारचाच असतो.
दोन्ही खरं आहे,
पण पोरं नि बाजार दोन्ही
शाळेच्या सुट्टीला धरून बसलेत,
हे मी बोललो नाही.
त्यांनी शेरा लिहिला: स्थानिक कारणास्तव.
सही केली, टोपणाची वाट न बघता पेन खिशात टाकलं,
खिसा निळा झाला.

ते गेले तोवर ओफिराचा फोन आला, दिमोनाहून.
मराठी अजून आहे, जरा चौथीतलंच.
विचारते,
रविवारी शाळा भरते ना रे अजून?
भरते, म्हटलं.
इकडेही रविवारीच भरते, ती म्हणाली,
नातवाला सोडून आत्ताच घरी आले.

हारूनने रुळाचा तुकडा ठोकला, मधली सुट्टी.
तिने फोनवर ऐकला
आणि बराच वेळ
कोणीच काही बोललं नाही.