तुमच्या फलनात मासा कुठे आहे

साफीच्या बंदरावर, जुन्या जकात कचेरीच्या माडीवर
मी आठवड्यातून दोनदा कलन शिकवतो.
खाऱ्या हवेने फळा एका कोपऱ्यात फुगलाय,
तिथे खडू उठत नाही.
समोर दिवसभर राबून आलेली एकोणीस माणसं.
खरं तर सतरा. दोघं लिमिटपाशीच गळाली.
जवळ जवळ जात राहायचं आणि पोचायचं नाही,
हे त्यांना पटेना.
मलाही पटायला तीन वर्षं लागली होती
हे मी त्यांना सांगितलं नाही.

डिसेंबरात विकलनाला हात घातला.
एक वक्र काढला, त्याला टेकलेली स्पर्शिका.
म्हणालो, ही एकाच बिंदूला शिवते
आणि तिथला चढ सांगते.
सगळे गप्प.
मग बूश्ता उठला, कुंभारटेकडीवरचा,
नखांत वाळलेली माती.
कोपऱ्यातली पाण्याची घागर पुढ्यात ओढली,
तिच्या पोटावर पट्टी टेकवली
आणि बुडापासून गळ्याकडे सरकवत नेली.
बाहेर झुकलेली पट्टी
फुगवट्याच्या टोकाला सरळ उभी झाली,
मग आत झुकू लागली.
"चाकावर माझा अंगठा हेच करतो," म्हणाला,
"त्याला असं नाव असतं होय?"

मग नियम. घात खाली उतरतो,
वर स्वतःपेक्षा एक कमी ठेवून जातो.
अचलाचं विकलन शून्य.
इज्जाने वही मिटली.
"जे बदलत नाही त्याची काही किंमतच नाही का?"
मी म्हणालो, किंमत असते,
बदलाचा वेग नसतो.
"म्हणजे माझा पगार," मागून कुणी तरी.
त्या दिवशी साखळी नियम राहूनच गेला.

मार्चमध्ये उपयोजनं.
पुस्तकातलं जुनं गणित:
ठरावीक तेल मावेल असा गोल डबा,
पत्रा कमीत कमी लागावा.
तूदा फळ्याशी गेली.
मासळीच्या कारखान्यात अकरा वर्षं.
गुरुवारी ती आली की कुणी तरी
काही न बोलता खिडकी उघडतं.
तिने उंची त्रिज्येत मांडली,
विकलन काढलं, शून्याशी जुळवलं.
उंची व्यासाइतकी. बरोबर.

मी शाबास म्हणणार
तोच तिने पिशवीतून एक चपटा डबा काढला,
टेबलावर ठेवला.
"हा असा का नाही मग?"

मोजला. लांबी, रुंदी, जेमतेम दोन बोटं उंची.
सतरा जणांनी मिळून हिशेब केला,
रखवालदार किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला.
तीन चपट्या डब्यांच्या पत्र्यात
तेवढंच मावणारे चार गोल डबे होतात.
बूश्ता म्हणाला, मालक खुळा आहे.

तूदा हसली नाही.
"तारली आडवी निजते," म्हणाली.
"उभी भरली तर शेपटीवर भार येतो,
तेलात मऊ झाली की कण्यापासून सुटते.
शिवाय एका हाताने धरून दुसऱ्याने भरायचा डबा,
मिनिटाला किती, ते मला विचारा.
सर, तुमच्या फलनात मासा कुठे आहे?"

मी फळ्याकडे पाहिलं. त्रिज्या होती, उंची होती,
पाय तर होताच.
बाहेर धक्क्यावर बर्फ फोडत होते.

परीक्षेत मी तिचा एक गुण कापला.
शून्य आलं म्हणजे तळच असेल असं नाही,
माथाही असू शकतो,
पुन्हा एकदा विकलन करून बघायला हवं होतं.
तास सुटल्यावर ती पेपर घेऊन आली.
"पत्रा जास्तीत जास्त लागावा,
असं कुणी म्हणेल का?" तिने विचारलं.
"अकरा वर्षांत असा मालक मी पाहिला नाही."

हे काही सिद्ध करणं नव्हे, मी म्हणालो.
ती उभीच राहिली.
अर्धा गुण दिला.
उरलेल्या अर्ध्यासाठी ती अजून भांडतेय.