सांधा

माझा चाकू मिटतो.
पितळी कडा, शिसवी मूठ, पातं करंगळीएवढं.
मिठबावच्या नर्सरीत पंधरा वर्षं
त्यानेच हापूसच्या काड्या तासते,
एका ओढीत, न थांबता.
थांबलं की काप करवती होतो आणि कलम धरत नाही.
काम झालं की खिशात. कुणाला दिसत नाही.
एसटीत शेजारची बाई निवांत डुलक्या घेते.

लवूमामाचा कोयता मिटत नाही.
तो पाठीमागे, कमरेला, लाकडी आकडीत,
माडावर चढताना, लग्नाच्या पंगतीत,
रेशनच्या रांगेतसुद्धा.
एकदा बँकेच्या नव्या वॉचमनने अडवलं,
तर मामाने आकडीसकट काउंटरवर ठेवला
आणि म्हणाला, "ह्येची पावती दी."

आमचं भांडण जुनं.
मी म्हणते, उघडं पातं घेऊन फिरायला
आपण काय लढाईवर निघालोय?
तो म्हणतो, "सांधो इलो थंय खोट इली.
तुजो चाकू आधी इचार करता,
माजो नुसतो कापता."
मी म्हणते, तुझ्या कोयत्याने काडी तासून दाखव.
तो म्हणतो, तुझ्या चाकूने शहाळं फोडून दाखव.
मग चहा.

गेल्या माघात, तांबळडेगच्या वाळूवर
एक कासव जाळ्यासकट वर आलं होतं.
हिरवं नायलॉन, गळ्याला तीन वेढे,
पुढचं एक वल्हं पांढरं पडेपर्यंत कातरलेलं.
मामाचा कोयता वेढ्याखाली शिरेना.
गळा केवढा, पातं केवढं.
माझा चाकू शिरला असता,
पण एक हात कासवावर
आणि चाकू उघडायला लागतात दोन.
दातांनी उघडला. सांध्यात वाळू कचकचली.
दोन वेढे तुटले. तिसऱ्याला
पातं माझ्याच तर्जनीवर मिटलं.

कालवांवरून परतणारी इंद्रावती तारी
टोपली खाली ठेवून गुडघ्यावर बसली.
ओच्यातून काढली बोटभर लोखंडी पट्टी,
मुठीला सायकलच्या ट्यूबची चिंधी.
तिसरा वेढा तोडला, पट्टी लुगड्याला पुसली
आणि विचारलं, "केवडा लागला गो?"
मला की कासवाला, ते कळलं नाही.
कासव तोवर पाण्याला लागलं होतं.

नंतर मी आचऱ्याच्या सोमा लोहाराकडून
गाडीच्या जुन्या पाट्याचं एक पातं करून घेतलं,
चार बोटं, न मिटणारं.
म्यान पीव्हीसी पाइपचं, चुलीवर तापवून चपटं केलेलं.
पहिल्या दिवशी एसटीत सगळे बघतायत असं वाटलं.
दुसऱ्या दिवशी मी विसरले.
चौथ्या दिवशी मात्र ओढणी त्यात अडकून फाटली,
आणि हे मामाला अजून सांगितलेलं नाही.

मामाचे गुडघे गेले आहेत.
कणकवलीच्या डॉक्टरने फोटो उजेडावर धरला
आणि म्हणाला, सांधा झिजलाय.
मामा माझ्याकडे वळला: "बघ."
कोयता त्या दिवशी घरी ठेवलेला.
बाकावर तो जरा तिरका बसला होता,
आणि हात सारखा पाठीमागे जाऊन
रिकामाच परत येत होता.

काल खळ्यात बसून मी त्याला म्हटलं,
तुझ्या परसातलं हरेक कलम बघ,
जमिनीपासून वीतभर वर सांधाच आहे.
वादळात माड पडले, ते नाही पडलं.
मामाने बुंध्याची ती गाठ बराच वेळ बघितली.
डोळे बारीक करून, मुंग्या मोजल्यासारखी.
"तो खंय मिटता?" म्हणाला.

मग सुपारी कातरायला
माझा मिटता चाकू मागितला.
खाचेवरून त्याचं नख दोनदा सटकलं.
मी हात पुढे केला नाही.
तिसऱ्यांदा उघडला.