हाक

लॅबचा कागद: टीएसएच सात पॉइंट आठ,
शेजारी जाड ठशात एक बाण, वर.
टी-फोर मात्र हद्दीत, जेमतेम.

भर वैशाखात मी पंखा बंद करायला लावते.
फणी भरून केस.
बाजारात बांगडे मोजता मोजता
चौदानंतर कितवा, ते सुटतं.
तारामती म्हणते, वय गो.
मी एक्केचाळीस.

डॉक्टर सामंतांनी पेन खाली ठेवलं.
"पलीकडच्या तरीवाल्याला हाक घालता ना?
तो पेंगला की तुमचा आवाज चढतो.
हा आकडा म्हणजे ती हाक.
होडी अजून येतेय.
गोळी आज सुरू करू,
की नारळी पुनवेनंतर पुन्हा रक्त बघू?
तुम्ही सांगा."

मी सांगू?
मला लोक भाव विचारतात फक्त,
तोही पाडायला.

आचऱ्याच्या खाडीवर ओहोटी.
पलीकडे होडीत आडवा बाबल.
"निजलंस काय रे?"
मोजत राहिले.
तिसऱ्या हाकेला त्यानं वल्हं उचललं.

पुनवेपर्यंत थांबते.
तेव्हा पाचवी हाक लागली, तर गोळी,
पहाटे, नुसत्या पाण्याबरोबर.
नंतर तासभर चहा नाही म्हणे.

तेवढंच जड जाईल.