अर्धी टाकी

झिलू वेळीपचा ट्रक चौथ्यांदा टोचन करून आला
तेव्हा तिस्कच्या नाक्यावरचे सगळे
माझ्या गॅरेजकडे बघून चहा प्यायले.

धारबांदोड्याच्या चढावर, चिरे भरलेले,
एकदा खोकला, दोनदा,
मग पेडल दाबलं तरी आत कोणी ऐकेना.

पहिल्या वेळी मी फिल्टर उघडले होते.
तळाला लाल गाळ.
खाणी बंद पडून इतकी वर्षं झाली
तरी मातीने गाडी सोडली नव्हती.
दोन्ही बदलले, हातपंप मारत राहिलो
अंगठा सुजेपर्यंत.
स्क्रूच्या तोंडाशी आधी फेस, मग फेसातून डिझेल,
मग नुसतं डिझेल, न थुंकता, सरळ.
सेल्फ मारला. लागली.
झिलूने नोटा दोनदा मोजून दिल्या.

दुसऱ्या वेळी तांब्याचे वायसर,
आणि पंप काढून फोंड्याला.
तिथला म्हातारा म्हणाला,
इनास, हा पंप माझ्यापेक्षा धड आहे.
बिल तरीही केलं त्याने.

तिसऱ्या वेळी मात्र मी डोकं वापरलं.
आरशाच्या दांडीला डिझेलचा कॅन बांधला,
नळी थेट पंपात.
तासभर धडधडत राहिला, एक ठोका चुकला नाही.
म्हणजे पंप निर्दोष. नोझल सहाही निर्दोष.
चोरी टाकी ते पंप या वाटेवर.
सावियोला सांगितलं, पोरा, ढकलणारा पाइप फुटला तर सांडतो,
ओढणारा फुटला तर सांडत नाही,
वारा पितो.
खाली डाग नाही, वास नाही,
त्याच्या खाली फडका घेऊन बसशील तर म्हातारा होशील.
वाटेवरचे सगळे पाइप नवे घातले.
टाकी भरून घेतली, चढ दोनदा चढवून आणला.
मिशीवरून हात फिरवला, हेही खरं.

आणि आज चौथी वेळ.

झिलू टायरवर बसला होता, काही न बोलता.
बोलली ती सुलक्षा, त्याची बायको.
चिऱ्यांचा हिशेब तीच ठेवते,
शाळेची उरलेली वही, पाठीमागून सुरू केलेली.
रविवारी भरला, मंगळवारी बंद.
शुक्रवारी भरला, रविवारी बंद.
मधे एकदा रोज भरत होतो, बारा दिवस काही झालं नाही.
मग पान माझ्याकडे फिरवून,
ऐंशी लिटर. दर वेळी टाकीत ऐंशीच्या आसपास उरलेलं.
ऐंशीच का, बाब?

पान्याने नाही, मी हाताने टाकीवर टकटक केलं.
वर पोकळ. मधोमध आवाज बदलला.

टाकीतला पाइप कोण बघतो?
तो आत असतो, डिझेलमध्ये बुडालेला,
आपण धरून चालतो की बुडालेलं सगळं बरं असतं.

चार बोल्ट. एक तुटला.
पाइप वर आला तो निथळत, काळा,
आणि बरोबर मध्यावर, गंजाच्या खवल्याखाली,
तांदळाच्या कणीएवढं भोक.
डिझेल त्याच्या वर असेतो भोक डिझेलच ओढायचं.
पातळी खाली गेली की वारा.
मी तो उजेडात धरला,
सावियो बघत होता, झिलू बघत होता,
ती बघत नव्हती. तिला वहीत आधीच दिसलं होतं.

पितळ लावून डाग दिला, फुंकून पाहिलं, बसवला.
किती लिहू, तिने विचारलं.
म्हटलं, आज काही लिहू नका.
फोंड्याचं बिल खोडा, ते माझ्या अंगावर.
तिने खोडलं नाही. बाजूला माझं नाव लिहिलं.

झिलू पंपाकडे वळायला निघाला
तशी ती म्हणाली, आज भरायचा नाही.
तळाशी वीसेक लिटर असेल.
चिरे तसेच होते.

आम्ही तिघं नाक्यावर उभे राहिलो.
वळणाआड गेला तो. आवाज तेवढा उरला,
तिसरा गिअर, दुसरा,
मग चढाचा तो जड सूर,
जिथे नेहमी खोकायचा
तिथे सावियोने श्वास धरला.

सूर तसाच पुढे गेला, बारीक होत होत.

तिने वेळ लिहिली.