काटा

हुदादेच्या आदल्या संध्याकाळी
मी आकडे धुतले,
सुरीला तेल लावून ती कापडात गुंडाळली
आणि गोंदारच्या उतारावरच्या माझ्या दुकानाला
कुलूप घातलं. पंचावन्न दिवस.
मांजरं तरीही येतात, सवयीनं.
पायरीवर बसून बंद दाराकडे बघतात.
मीही बघतो.

पहिले काही दिवस भूक नुसती भूक असते.
डोकं ठणकतं, बायकोवर खेकसतो,
नऊच्या ठोक्याची वाट बघतो,
आमचे नऊ, म्हणजे ऊन कलतं ते.
देवळात काठीवर हनुवटी टेकून उभा राहतो :
नाकात धूप, मनात शिरोचं दाट पिठलं.
अब्बा तसफाये एकदा म्हणाले,
खोली रिकामी केलीस, बरं केलंस.
आता तिथं कोण राहायला येतंय
तेवढं बघ.

तेविसाव्या दिवशी
तिथं माझा अंगठा आला.
हाच, उजवा.
गेन्नाच्या सणाला यशिमेबेतबाईंच्या पारड्यावर
अलगद टेकवलेला.
अर्ध्या किलोत मूठभर वारा विकलेला,
त्या विधवा झाल्या त्या वर्षीही.
खाऊनपिऊन होतो तेव्हा कधी आठवला नाही,
भरल्या पोटाखाली निवांत झोपला होता.

हरभऱ्याचं पीठ घेतलं, बेरबेरे घेतलं.
दोनदा तोललं, हात पाठीमागे धरून.
मग वर आणखी एक ओंजळ.
त्यांच्या दारात मात्र शब्द फुटेना.

नेतेला सावरत त्या म्हणाल्या,
"घरी आणून मी दरवेळी तोलायचे, गेताने.
माझ्याकडेही काटा आहे."
"मग माझ्याकडेच का यायचात?"
"या उतारावर दुसरा खाटीक कुठाय?"
थोडं थांबून,
"आणि तुझ्या आईनं माझी तिन्ही बाळंतपणं केली."

नऊ वाजायला घटकाभर होती.
आम्ही उंबऱ्यावर बसलो. घोटभर पाणीही नाही.
समोरच्या भिंतीवरून ऊन
विटेविटेनं वर सरकत होतं.
तेवढ्या वेळात त्यांनी
माझं सगळं पाप पोटात घातलं
आणि त्यांचा उपास मोडला नाही.

बत्तीस दिवस उरलेत.
आकडे रिकामे, मांजरं पायरीवर.
मधूनच अंगठ्याकडे बघतो.
भूक लागते.
कशाची, ते आता
लगेच सांगता येत नाही.